मानशीपाशी

आजोशीच्या खाजनात, बांधावर,
संध्याकाळी एक बाई लाकडी दाराला
कान लावून बसते.
नवख्याला वाटतं, कुणाची वाट बघतेय.
ती पाणी ऐकत असते.

पुतळी. आमच्या शेतकरी संघटनेची अध्यक्ष.
नाव पुतळी, पण एका जागी
थिजलेली मी तिला कधी पाहिली नाही.

पहिल्यांदा आली ती चिखल वाहायला,
रोजंदारीवर, डोक्यावर पाटी.
बोश्त्यांव मानशेकार तिला म्हणाला,
कुर्लीचं बीळ बोटाएवढं असतं तेव्हाच बुजव,
हाताएवढं झालं की गाव बोलवावा लागतो.
पहिल्या वर्षीचं शिक्षण एवढंच.
दुसऱ्या वर्षी तिने विचारलं,
बोटाएवढं असताना ते दिसतं कसं?
म्हातारा हसला. म्हणाला, बस इथे.

बसली. बारा वर्षं.
भरती दार लोटते, ओहोटी उघडते,
आपण उगीच मध्ये हात घालायचा नसतो,
हे कळायलाच तिला तीन पावसाळे लागले.

बोश्त्यांव गेला. क्लारीनने पेटीतून
नवऱ्याची वही काढून तिच्या ओटीत ठेवली.
सगळी रोमी लिपीत.
पुतळीची देवनागरीसुद्धा
लेकीच्या पाटीवरून उचललेली, वेलांट्या सांडत सांडत.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती क्लारीनच्या
नातवापुढे मांडी घालून बसली.
मास्तर दुसरीतला. फी रोजची दोन खाजी.
मास्तर कडक होता, कान धरायला लावायचा.

तिला वाटलं होतं, वहीत पाण्याची गुपितं असतील.
निघाल्या चुका.
'पुनवेक उशीर केलो. आंतोनचें शेत बुडलें. चूक म्हजी.'
'लाकूड ओलें आसतनाच बसयलें.'
'रागान उलयलों. फाल्यां कोण येवंक ना.'
चाळीस वर्षं,
आणि एका पानावरही शाबासकी नाही.

त्या अमावास्येला बांधाला खांड पडली.
कोरगुटाचं पीक पोटरीला आलेलं,
खारं पाणी तोंड वासून आत.
कंदील, बॅटऱ्या, दोनशे माणसं,
आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे.
ती म्हणाली, मोठ्याने,
'मला ठाऊक नाही.'

मी चिटणीस होतो तेव्हा. मेल्याहून मेलो.
माझ्या लेखी पुढारी म्हणजे
ज्याला ठाऊक असतं तो.

मग ती एकेकाकडे वळली.
मिंगेल, तुझ्या बाजूचं पाणी गढूळ की निवळ?
दुर्गेश, पाय टेकतात का तुझे?
आणि दहावीतल्या शुभलला, गर्दीतून ओढून पुढे,
बाय, तुझ्या फोनात भरती कधी उतरते म्हणतात?
पहाटेला खांड बुजली.
तिने नेमकं काय केलं,
मला आजही धड सांगता येत नाही.
तिने विचारलं, बस्स.

तेव्हापासून वार्षिक सभेत
जमाखर्चाआधी ती आपली वही उघडते.
'यंदा माझ्या चुका पाच.'
पहिल्या वर्षी विरोधकांनी भराभर लिहून घेतल्या,
नंतर त्यांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.
तिसऱ्या वर्षी त्यांच्यातलाच एक उठला,
घसा खाकरून म्हणाला, माझी पण एक आहे.

काल मी तिच्याकडे गेलो होतो,
हिशेब घेऊन, खरं म्हणजे
यंदा अध्यक्षपदाला उभा राहतोय हे सांगायला.
ऊन कलत होतं. दाराखालून पाणी
कुजबुजत आत येऊ बघत होतं.
ती सरकली, मला जागा केली.
'अडतीस वर्षं झाली,' म्हणाली,
'तरी हा एक आवाज आहे मधूनच येणारा,
मला उमगत नाही.
ऐक बघ. तुला कळतो का.'